‘अँग्री ऑन मी’ पुन्हा पुन्हा का येतं? इंग्रजी शब्दामागचं शेपूट चुकण्याचं कारण आणि त्यावरचा इलाज

तक्रार अशी असते. इंग्रजी शब्द आठवतो, काळ बरोबर असतो, स्पेलिंगही बरोबर असतं. पण नामानंतर किंवा विशेषणानंतर येणारा तो एवढासा शब्द, म्हणजे ऑफ, टू, फॉर, इन, ॲट, विथ यांपैकी एखादा, हमखास चुकतो. ‘अँग्री ऑन मी’, ‘मॅरीड विथ’, ‘गुड इन मॅथ्स’, ‘आन्सर ऑफ द क्वेश्चन’, ‘सीनियर दॅन मी’. कुणी सुधारून दिलं की लगेच पटतं. आठ दिवसांनी तीच चूक त्याच जागी परत.

सांगलीत विश्रामबागेत मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. मिरजेच्या दवाखान्यांतल्या नर्स येतात, मार्केट यार्डातल्या पेढ्यांवरचे कारकून येतात, तासगावकडची बागायतदारांची मुलं येतात, एमपीएससीची तयारी करणारे येतात. माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीत लागलं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० सालापासून. या दोन्ही पिढ्या माझ्यासमोर एकाच बाकावर बसतात आणि दोघीही ‘डिमांड ऑफ’ लिहितात. म्हणजे किती वर्षं शिकलात यावर हे ठरत नाही. आळसावर किंवा हुशारीवर तर नाहीच. चुकीचं मूळ दुसरीकडे आहे आणि ते सापडलं की निम्म्या चुका आपोआप थांबतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एवढ्याशा शब्दाने काय बिघडतं?

शिकवायला लागण्याआधी मी बेदाण्याच्या एका पेढीवर पत्रव्यवहार सांभाळायचे. परराज्यातल्या गिऱ्हाइकाला मालकांनी किलोमागे वीस रुपयांपर्यंत कपात करायची तयारी दाखवली होती. मी लिहिलं, ‘अ रिडक्शन टू ट्वेंटी रुपीज’. डोक्यात ‘पर्यंत’ होतं आणि ‘पर्यंत’ म्हणजे टू, एवढंच मला माहीत. त्या वाक्याचा अर्थ मात्र झाला की भाव उतरवून वीस रुपयांवर आणला. तेव्हा बेदाणा शंभराच्या वर होता. गिऱ्हाइकाने तेच पत्र पुढे करून माल मागितला. मालकांचे दोन दिवस फोनवर गेले आणि ते दोन दिवस मला घास गोड लागला नाही. हवं होतं ‘अ रिडक्शन ऑफ अप टू ट्वेंटी रुपीज’.

हा फरक समजवायला आता मी आयर्विन पुलाचा आधार घेते. पावसाळ्यात पुलाजवळची कृष्णेची पातळी आपण सगळेच तासातासाला विचारत असतो. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पातळीत वाढ झाली की ‘राइज इन द लेव्हल’. पाच फुटांची वाढ झाली की ‘राइज ऑफ फाइव्ह फीट’. ४५ फुटांपर्यंत वाढ झाली की ‘राइज टू फॉर्टी-फाइव्ह फीट’. कशात, कितीची, कुठवर: इन, ऑफ, टू. ज्यांनी २००५ चा आणि २०१९ चा पूर पाहिला आहे त्यांना ‘कितीची’ आणि ‘कुठवर’ यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही. भांडी माळ्यावर टाकायची की घर सोडायचं, हे त्यावर ठरलेलं असतं. फॉल, ड्रॉप, इन्क्रीज, रिडक्शन हे सगळे शब्द याच तीन शेपटांनी चालतात. बाजारभावाची पत्रं लिहिणाऱ्यांनी एवढं एक आधी पक्कं करावं.

चूक येते कुठून

आपण इंग्रजी बोलत असताना आतून मराठी प्रत्यय बोलत असतो. ‘माझ्यावर रागावला’ यातला ‘वर’ ऑन होऊन बाहेर पडतो. ‘तिच्याशी लग्न’ यातला ‘शी’ विथ होतो. ‘गणितात चांगला’ यातला ‘त’ इन होतो. ‘प्रश्नाचं उत्तर’ यातला ‘चं’ ऑफ होतो. चूक आंधळी नसते, ती दर वेळी एकाच रस्त्याने येते. म्हणून तर सांगलीतला, साताऱ्यातला आणि सोलापुरातला माणूस एकमेकांना न भेटता एकच चूक करतात.

याच्या खाली आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे. मराठीत प्रत्यय वस्तूला चिकटतो. ‘कुत्र्याला’ हा एक तुकडा, ‘घाबरतो’ हा दुसरा. म्हणून इंग्रजीही आपण तसंच तोडतो: ‘अफ्रेड’ एक तुकडा, ‘ऑफ डॉग्ज’ दुसरा. मग शेपूट कुत्र्याचं आहे असं धरून आपण ते कुत्र्याच्या प्रत्ययावरून ठरवायला जातो. इंग्रजीत ते कुत्र्याचं नसतंच. ते आधीच्या शब्दाचं असतं. ‘अफ्रेड ऑफ’ हा एक तुकडा आहे, पुढे काहीही येवो. कुत्रा जाऊन साप आला, अंधार आला, परीक्षा आली, तरी ऑफ जागचा हलत नाही. पण ‘अफ्रेड’ जाऊन ‘अँग्री’ आला की कुत्रा तोच असूनही ऑफ गेलाच.

मराठीत असं होत नाही असं वाटत असेल तर जरा आपल्याच बोलण्याकडे कान द्या. ‘मास्तर मला बोलले’ म्हणजे आपल्याकडे मास्तर रागावले. ‘मास्तर माझ्याशी बोलले’ म्हणजे दोन शब्द प्रेमाने विचारले. ‘मास्तर माझ्याबद्दल बोलले’ म्हणजे मी तिथे नव्हतेच. आणि हेच ‘मला बोलले’ मुंबईत नुसतं ‘मला म्हणाले’ या अर्थाने चालतं, म्हणून तिकडच्या पाहुण्याचं वाक्य ऐकून आपण क्षणभर दचकतो. यातलं काहीही आपल्याला यादी देऊन कुणी शिकवलं नाही. ‘बोलणे’ हा शब्द आपण प्रत्ययासकट ऐकला, प्रत्ययासकट उचलला. इंग्रजी शब्द मात्र शेपूट तोडून शिकलो: अफ्रेड म्हणजे भ्यालेला, डिमांड म्हणजे मागणी. वहीत तेवढंच लिहिलं आणि शेपूट पुस्तकातच राहिलं.

म्हणून पहिला इलाज वहीचा आहे. ‘इंटरेस्टेड’ असा शब्द वहीत लिहायचाच नाही. ‘इंटरेस्टेड इन’ लिहायचं, दोन शब्द जोडून, एका दमात म्हणायचं: इंटरेस्टेडिन, गुडॅट, अफ्रेडॉव्ह. त्याखाली स्वतःच्या घरातलं एक वाक्य. पुस्तकातल्या वाक्यातला जॉन आणि त्याचा कुत्रा लक्षात राहत नाही. ‘माय मदर इज अफ्रेड ऑफ लिफ्ट्स’ हे एका विद्यार्थिनीचं वाक्य मात्र अख्ख्या वर्गाच्या लक्षात राहिलं, कारण तिची आई खरोखर चार मजले चढून येते. आठवड्याला असे पाच शब्द पुष्कळ झाले. शंभर शब्दांची पाठ केलेली यादी टिकत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले. यादीत सगळे शब्द एकमेकांसारखे दिसतात आणि परीक्षेच्या दालनात नेमके एकमेकांत मिसळतात.

सगळ्यांत फसवा: ‘चा, ची, चं’

यावर मी जास्त वेळ घालवते, कारण निम्म्याहून जास्त चुका इथल्याच असतात.

आधी आनंदाची बातमी. मनाच्या अवस्थांना मराठीत ‘चा’ लागतो आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना इंग्रजीत सरळ ऑफ लागतो. कशाची भीती, कशाचा अभिमान, कशाचा कंटाळा, कुणाचा हेवा, कशाची लाज, कशाची खात्री, कशाची जाणीव, कुणाचा संशय, कशाची आवड. अफ्रेड, प्राउड, टायर्ड, एन्व्हियस, अशेम्ड, शुअर, अवेअर, सस्पिशस, फॉन्ड: सगळ्यांना ऑफ. तेव्हा ‘कुत्र्याला घाबरतो’ असं मनात आलं तर ते आधी ‘कुत्र्याची भीती वाटते’ असं फिरवून घ्या. ‘त्याच्यावर जळतो’ आलं तर ‘त्याचा हेवा वाटतो’ करा. ‘तेच तेच करून वैतागलो’ आलं तर ‘त्याचा कंटाळा आला’ करा. फिरवलेल्या वाक्यात ‘चा’ दिसला की ऑफ. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती, वर्गात फळ्यावर मराठी आणि इंग्रजी शेजारी लिहीत बसल्यावर दिसली.

तिला अपवाद आहेत आणि ते आत्ताच सांगते. ‘आईची काळजी’ म्हणजे ‘वरीड अबाउट’. ‘त्याचा राग’ म्हणजे ‘अँग्री विथ’. ‘त्याचं आश्चर्य’ म्हणजे ‘सरप्राइझ्ड ॲट’ किंवा ‘बाय’. आणि अंगाला लागलेल्या गोष्टी, म्हणजे सवय, व्यसन, ॲलर्जी, या तिन्हींना टू: ‘ॲकस्टम्ड टू’, ‘ॲडिक्टेड टू’, ‘ॲलर्जिक टू’. मिरजेच्या नर्सना मी हे पहिल्या दिवशी शिकवते. ‘ॲलर्जी ऑफ पेनिसिलिन’ लिहिलं तरी डॉक्टरांना कळेल. पण तिथे वाचणाऱ्याने क्षणभरही थांबू नये, असं मला मनापासून वाटतं. ‘ॲलर्जिक टू पेनिसिलिन’. संपलं.

आता खरी अडचण, नामांची. ‘चा’ एकच असतो, पण इंग्रजीत त्याच्या तीन वाटा फुटतात.

पहिला प्रश्न विचारा: ती गोष्ट अजून हाती यायची आहे का? हात पुढे पसरला आहे का? नोकरीचा शोध, पाण्याची गरज, पावसाची आशा, रजेचा अर्ज, मदतीची विनंती, हळदीची मागणी. नोकरी, पाणी, पाऊस, रजा, यांतलं काहीच अजून मिळालेलं नाही. अशा ठिकाणी फॉर: ‘सर्च फॉर’, ‘नीड फॉर’, ‘होप फॉर’, ‘ॲप्लिकेशन फॉर’, ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘डिमांड फॉर’. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल लिहिताना माझ्या वर्गातल्या तिघांनी ‘डिमांड ऑफ सांगली टर्मरिक’ लिहिलं आणि एकाने ‘डिमांड टू’. त्या एकट्याची चूकही समजण्यासारखी होती. आपण बोलताना ‘हळदीला मागणी आहे’ असंच म्हणतो, आणि ‘ला’ म्हणजे टू. पण गिऱ्हाइकाने हात पसरला आहे, तो हळदीसाठी. म्हणून फॉर.

एकाच वाक्यात दोन ‘ची’ आले तर गोंधळ वाढतो. ‘कामगारांची पगारवाढीची मागणी’. मागणारे कोण आणि मागितलं काय, हे वेगळं करा. मागणाऱ्याची ती मालकी: ‘द वर्कर्स डिमांड’, शेवटी अपॉस्ट्रॉफीसह. मागितलेल्या गोष्टीला फॉर: ‘फॉर अ रेझ’. आणि ‘ॲप्लिकेशन ऑफ’ असंही वाचलंत तर दचकू नका. तिथे अर्ज नसतो, वापर असतो. द्राक्षबागेत खत टाकलं तर ते ‘ॲप्लिकेशन ऑफ फर्टिलायझर’. रजेला फॉर, खताला ऑफ.

दुसरा प्रश्न: ‘चा’ काढून तिथे ‘ला’ बसतो का? कुलपाची किल्ली, पण कुलपाला किल्ली लाव. प्रश्नाचं उत्तर, पण प्रश्नाला उत्तर दे. साताऱ्याचा रस्ता, म्हणजे साताऱ्याला जाणारा. लग्नाचं निमंत्रण, म्हणजे लग्नाला या. एक गोष्ट दुसरीपर्यंत जाते, तिला जाऊन लागते. तिथे टू: ‘की टू द लॉक’, ‘आन्सर टू द क्वेश्चन’, ‘द रोड टू सातारा’, ‘इन्व्हिटेशन टू द वेडिंग’. पिकाच्या नुकसानीतही पिकाला मार बसलेला असतो, म्हणून ‘डॅमेज टू द क्रॉप’. पूरभरपाईचे, विम्याचे अर्ज लिहिताना हे लागतंच, आणि तिथे ‘डॅमेज ऑफ’ मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता तो शब्द दिसला की माझं बोट आपोआप तिथे जातं. धोक्याचंही बघा. पुराचा धोका म्हणजे ‘थ्रेट ऑफ फ्लड’, पुलाला धोका म्हणजे ‘थ्रेट टू द ब्रिज’. इथे मराठी स्वतःच दोन वेगळे प्रत्यय देते आणि ते जसेच्या तसे उतरतात.

या दोन्ही प्रश्नांना ‘नाही’ आलं की बहुतेक वेळा ऑफ. बहुतेक वेळा म्हणते, कारण काही शब्द कुठल्याच कसोटीला बसत नाहीत. दहा हजारांचा चेक ‘फॉर’ने येतो. वडीलधाऱ्यांचा आदर ‘रिस्पेक्ट फॉर’. आणि ‘कारण’ या शब्दाला इंग्रजीत दोन घरं आहेत. कशामुळे घडलं ते ‘कॉज ऑफ’: कॉज ऑफ द फायर, कॉज ऑफ द फ्लड. का केलं, का झालं याचा खुलासा द्यायचा असेल तर ‘रीझन फॉर’: रीझन फॉर द डिले. आग लागली त्याचं कॉज, शाळा बंद ठेवली त्याचं रीझन.

‘वर’ आणि ‘शी’

‘वर’ निम्म्या वेळी सरळ ऑन होतो आणि तिथे काळजी करू नका. परिणाम, बंदी, हल्ला, कर, दबाव, भर, अवलंबून असणं: सगळे ऑन. घोटाळा होतो तो माणसांच्या नात्यात. माणसाच्या डोक्यावर इंग्रजी काहीच ठेवत नाही. माझ्यावर रागावला, ‘अँग्री विथ मी’. ‘अँग्री ॲट’ही चालतं, ऑन चालत नाही. कामावर खूश, ‘प्लीझ्ड विथ’. पगारावर समाधानी, ‘सॅटिस्फाइड विथ’. लेकरावर प्रेम, ‘लव्ह फॉर’. देवावर विश्वास, ‘फेथ इन’, कारण त्यांच्या मते विश्वास आत ठेवायचा असतो. तापावर औषध, ‘मेडिसिन फॉर फीव्हर’. प्रश्नावर तोडगा, ‘सोल्यूशन टू’, कुलपाच्या किल्लीसारखा. आणि ‘अँग्री’ची गोष्ट अजून संपत नाही: माणूस असेल तर विथ, गोष्ट असेल तर अबाउट. ‘शी इज अँग्री विथ हिम अबाउट द बिल.’

‘शी’ची मी अशी वाटणी करते. दोघांनी मिळून करायचं काम असेल तर विथ: भांडण, तुलना, संपर्क, मैत्री. एकाने दुसऱ्याशी कसं वागायचं किंवा एकमेकांशी नातं काय ते सांगायचं असेल तर टू: रूड टू, पोलाइट टू, लॉयल टू, सिमिलर टू, रिलेटेड टू. लग्न दोघांनी मिळूनच होतं, तरी ‘मॅरीड टू’. नात्यातल्या माणसासारखं धरा: ‘रिलेटेड टू’, ‘मॅरीड टू’. ‘फॅमिलियर’ दोन्हीकडे जातो आणि अर्थ उलटतो. मला मशीन माहीत आहे, ‘आय ॲम फॅमिलियर विथ द मशीन’. तो चेहरा मला ओळखीचा वाटतो, ‘द फेस इज फॅमिलियर टू मी’. मुलाखतीत ‘आय ॲम फॅमिलियर टू द मशीन’ म्हटलंत तर मशीन तुम्हाला ओळखतं असा अर्थ होईल.

‘रिस्पॉन्सिबल’चंही तसंच आहे, आणि इथे मराठी मदतच करत नाही. ‘उशिराला कोण जबाबदार’ आणि ‘मी साहेबांना जबाबदार’, दोन्हीकडे ‘ला-ना’च. कामाला फॉर, माणसाला टू.

बाकीचं भराभर. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून आले, ‘दॅन’ त्यांना लागत नाही, टू लागतो. ‘डिफरंट’ला परीक्षेत ‘फ्रॉम’ लिहा. गैरहजर आपण शाळेत असतो, इंग्रजीत शाळेपासून: ‘ॲब्सेंट फ्रॉम’. पाण्याने भरलेला हंडा ‘फुल ऑफ वॉटर’, पण ‘फिल्ड’ असेल तर ‘विथ’. कौशल्याला ‘ॲट’: गुड ॲट, बॅड ॲट, क्विक ॲट. ‘वीक’ला मात्र ‘इन’ चालतं, म्हणून ‘वीक इन मॅथ्स’ ऐकून ऐकून ‘गुड इन मॅथ्स’ तोंडात बसलं असावं असा माझा अंदाज. माणसं सांभाळण्यात चांगली असेल ती ‘गुड विथ पेशंट्स’.

‘डिस्कस अबाउट’ कुठून उगवतं

हे स्वतंत्र दुखणं आहे आणि ऑफिसच्या मेलमध्ये सर्वांत जास्त दिसतं. पुष्कळ इंग्रजी शब्द नाम म्हणूनही वापरतात आणि क्रियापद म्हणूनही. नाम असताना शेपूट लागतं. त्यांतले बरेच शब्द क्रियापद झाले की ते गळून पडतं. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, पण ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’. ‘द डिमांड फॉर वॉटर’, पण ‘दे डिमांडेड वॉटर’. ‘अ व्हिजिट टू मिरज’, पण ‘वुई व्हिजिटेड मिरज’. ‘ॲन आन्सर टू द लेटर’, पण ‘शी आन्सर्ड द लेटर’. ‘अ लॅक ऑफ मनी’, पण ‘ही लॅक्स मनी’. ‘डिस्कशन अबाउट’, पण नुसतं ‘डिस्कस’. आपण नामाचं शेपूट आठवणीने शिकतो आणि ते क्रियापदालाही लावून टाकतो. आधी ‘अ’, ‘द’ किंवा ‘माय’ असेल तर तो बहुधा नाम असतो, शेपूट लावा. आधी ‘आय’, ‘वुई’, ‘दे’ असेल तर अशा शब्दांचं काढा.

‘टू’नंतर आयएनजी लावायचा की नाही?

ऑफ, इन, फॉर, ॲट यांच्या पुढे क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लागतोच: ‘गुड ॲट ड्रॉइंग’, ‘रीझन फॉर कमिंग लेट’. टू मात्र दोन प्रकारचा असतो आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी चहाची कसोटी वापरा. टूच्या पुढे ‘टी’ ठेवून पाहा. ‘ॲकस्टम्ड टू टी’, चहाची सवय, बरोबर बसतं. मग पुढे क्रियापद आलं तर ‘ॲकस्टम्ड टू वर्किंग ॲट नाइट’. ‘एबल टू टी’ बसत नाही. मग ‘एबल टू वर्क’. ‘विलिंग टू टी’, ‘लाइकली टू टी’, दोन्ही बसत नाहीत, दोन्हींना साधं क्रियापद. पत्राच्या शेवटच्या ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ला चहा चालतो, म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’.

एक मेल दुरुस्त करून पाहू

कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने गेल्या आठवड्यात हा मजकूर दाखवला. त्याच्या परवानगीने, नावं आणि आकडे बदलून देते.

‘वुई डिस्कस्ड अबाउट युअर डिमांड ऑफ फाइव्ह टन्स. द रीझन ऑफ द डिले इज डॅमेज ऑफ द ट्रक. वुई आर नॉट सॅटिस्फाइड ऑन द ट्रान्सपोर्टर. प्लीज सेंड अ चेक ऑफ फिफ्टी थाउजंड. आय ॲम वेटिंग फॉर द आन्सर ऑफ माय लेटर.’

फोनमधल्या व्याकरण-तपासणीने यातलं थोडंफार पकडलं असतं, सगळं नाही. ज्या शब्दांना दोन शेपटं चालतात तिथे यंत्र गप्प बसतं, माझ्या ‘रिडक्शन टू’ला कुणीच लाल रेघ मारली नसती. म्हणून आम्ही हातानेच तपासलं. मी बोलले नाही, फक्त प्रश्न विचारले.

‘डिस्कस्ड’च्या आधी ‘वुई’ आहे, क्रियापद आहे, म्हणून अबाउट गेला. पाच टन माल अजून त्यांना मिळायचा आहे, हात पसरलेला आहे: ‘डिमांड फॉर’. उशीर का झाला त्याचा खुलासा आहे: ‘रीझन फॉर’. मार कुणाला बसला? ट्रकला: ‘डॅमेज टू’. ट्रान्सपोर्टवाल्यावर समाधानी नाही, पण माणसावर इंग्रजी काही ठेवत नाही: ‘सॅटिस्फाइड विथ’. पत्राला उत्तर: ‘आन्सर टू’. ‘वेटिंग फॉर’ त्याने आधीच बरोबर लिहिलं होतं, कारण तो शब्द त्याने फॉरसकट ऐकला होता.

चेक राहिला होता. त्याने दोन्ही कसोट्या लावून पाहिल्या आणि एकही नीट बसेना. मग वही काढली, मागच्या पानावर ‘चेक फॉर’ असं जोडून लिहिलं आणि खाली त्याच्या घरच्या दूध संस्थेकडून दर दहा दिवसांनी येणाऱ्या चेकचं एक वाक्य घातलं.